पाऊण वाजला म्हणजे किती वाजले?

लाइपझिगमधलं एक चांगलं घर माझ्या हातून गेलं, ते एका तासाच्या फरकाने. चूक सर्वस्वी माझी होती.

गोष्ट २०१७ सालची. कंपनीने मला जर्मनीला पाठवलं त्याला दोन महिने झाले होते. बायको आणि सात महिन्यांची मुलगी महिनाअखेर येणार होत्या आणि मी अजून एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. स्वयंपाकघर चार जणांत मिळून. तिकडे घर बघायला वेळ ठरवून बोलावतात आणि आपल्या मागेपुढे इतरांनाही वेळा दिलेल्या असतात. फोनवर घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘हाल्प झेक्स’. माझं जर्मन तेव्हा संध्याकाळच्या वर्गापुरतं होतं. हाल्प म्हणजे अर्धा, झेक्स म्हणजे सहा. इंग्रजीतलं ‘हाफ पास्ट सिक्स’ डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणजे साडेसहा! मी आनंदाने ‘हाल्प झेक्स, हाल्प झेक्स’ म्हणत फोन ठेवला.

सव्वासहालाच मी दारात हजर. बाईंनी दार उघडलं, मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि मान हलवली. साडेपाचची वेळ माझी होती. पावणेसहाला आलेल्या जोडप्याला त्यांनी घर देऊन टाकलं होतं. पुढचे दोन महिने आम्ही तिघं त्या एका खोलीत काढले. मुलगी रात्री रडायला लागली की बायको तिला घेऊन जिन्यात जाऊन बसायची, शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग त्याने कागदावर एक वर्तुळ काढलं आणि त्याचा अर्धा भाग पेन्सिलीने काळा केला. म्हणाला, “पाच वाजून गेले की सहावा तास भरायला लागतो. तो अर्धा भरला, म्हणजे हाल्प झेक्स.”

त्याचं वर्तुळ बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपण वेळ ‘सांगतो’ असं म्हणतो खरं, पण प्रत्येक भाषा वेळेकडे कुठून तरी एका जागेवरून बघत असते. कुणी झालेल्या तासाकडे मागे वळून बघतं, कुणी येणाऱ्या तासाकडे. तीन वर्षांत युरोपात कामानिमित्त आणि सुट्टीत जिथे जिथे गेलो, तिथे तिथे मग मी हाच एक प्रश्न विचारत राहिलो : तुमच्यात अडीच वाजलेले कसे सांगतात?

प्रश्नच निराळे

उत्तराच्या आधी प्रश्नाकडे बघू. आपण विचारतो, ‘किती वाजले?’ म्हणजे आपला प्रश्न कानाचा आहे. घंटेचे किंवा तासाचे ठोके किती पडले, असं आपण विचारतो. ‘तास’ म्हणजे मुळात वेळ कळवण्यासाठी बडवायची धातूची थाळी. आजही घरात कुणी थाळी बडवत नाही, पण शब्द राहिला.

उत्तर युरोपही असाच घंटेकडे कान लावून बसलेला दिसतो. स्वीडिश माणूस विचारतो, ‘हूर मिके एर क्लोकान?’ शब्दशः अर्थ, ‘घड्याळ किती आहे?’ आणि ‘क्लोका’ या शब्दाचा दुसरा अर्थ घंटा. इंग्रजी ‘क्लॉक’ त्याच कुळातला. मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘क्लोका’ म्हणजे घंटेपासून तो आला. जर्मनमध्ये ग्लोके आणि फ्रेंचमध्ये क्लोश म्हणजे आजही घंटाच. ‘ओ’क्लॉक’ म्हणजे ‘ऑफ द क्लॉक’, घड्याळाप्रमाणे. बेळगावकरांना यात नवल वाटणार नाही, कारण कन्नडमधली ‘गंटे’ घंटाही असते आणि तासही. हैदराबादकरांच्या कानावर पडणारी तेलुगूतली ‘गंट’ही तशीच. आम्हा बडोदेकरांच्या आजूबाजूला तर ‘केटला वाग्या?’ हेच चालतं. वाजणं सगळीकडे आहे.

जर्मन माणूस मात्र विचारतो, ‘वी श्पेट इस्ट एस?’ म्हणजे ‘किती उशीर झाला आहे?’ डच लोकही ‘हू लात इस हेत?’ असंच विचारतात. सकाळी सहाला विचारलं तरी प्रश्न उशिराचाच! पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, हे लोक मला टोमणा मारताहेत.

दक्षिणेकडे गेलं की प्रश्न तासाचा होतो. फ्रेंच ‘केल अर एतिल?’, स्पॅनिश ‘के ओरा एस?’, म्हणजे ‘कोणता तास आहे?’. पोर्तुगीज लोक तोच प्रश्न अनेकवचनात विचारतात : ‘कोणते तास आहेत?’ रशियन माणसाकडे दोन प्रश्न आहेत. ‘कातोरी चास?’ म्हणजे ‘कितवा तास?’ आणि बोलीत ‘स्कोल्का व्रेमिनी?’ म्हणजे ‘किती वेळ?’ जणू वेळ मापाने भरून द्यायचा आहे.

ओरा, होरा आणि वर

या ‘ओरा’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रीक ‘होरा’ लॅटिनमध्ये गेला आणि तिथून इंग्रजी अवर, फ्रेंच अर, स्पॅनिश ओरा, जर्मन ऊर असे त्याचे अवतार झाले. हाच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतात आला आणि संस्कृतात ‘होरा’ म्हणून रुळला. वराहमिहिराने त्याची फोड ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढून दाखवली आहे, पण अभ्यासक मूळ ग्रीकच मानतात. आपण पंचांगात ‘शुभ होरा’ बघतो आणि अंदाज फसला की ‘माझा होरा चुकला’ म्हणतो. लाइपझिगमध्ये माझा तर दोन्ही अर्थांनी चुकला होता.

गोव्यातल्या वाचकांकडे हा शब्द दुसऱ्या वाटेनेही पोचला आहे. पोर्तुगीज ‘ओरा’चा कोंकणीत ‘वर’ झाला आणि ‘कितलीं वरां जालीं?’ हा रोजचा प्रश्न. म्हणजे ग्रीसमधून निघालेला एकच शब्द एकदा ज्योतिषाच्या पोथीतून आणि एकदा जहाजातून, असा दोनदा आपल्याकडे आला.

अर्धा कुणाचा?

आता उत्तर. अडीच वाजले आहेत, असं समजा.

एका गटाचं उत्तर सरळ बेरजेचं : दोन आणि अर्धा. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज या गटात येतात. इंग्रजीचा ‘हाफ पास्ट टू’ही इथलाच. दुसऱ्या गटाचं उत्तर : अर्धे तीन. जर्मन ‘हाल्प द्राय’, डच ‘हाल्फ द्री’, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन सगळे असंच म्हणतात. रशियन आणि चेक तर क्रमवाचक शब्द वापरतात, ‘तिसऱ्याचा अर्धा’. हंगेरियन भाषा युरोपातल्या बहुतेक भाषांच्या कुळातली नाही, पण तिथेही ‘फेल हारोम’, अर्धे तीनच. यात भाषेच्या कुळापेक्षा शेजाऱ्यांची संगत जास्त दिसते.

यातला खरा खड्डा इंग्रज लोकांनी खणून ठेवला आहे. बोलताना ते ‘पास्ट’ गाळतात आणि साडेपाचला नुसतं ‘हाफ फाइव्ह’ म्हणतात. डच माणसाचा ‘हाल्फ फेफ’ ऐकायला जवळपास तसाच, पण त्याचा अर्थ साडेचार! दोघांनी भेटायचं ठरवलं तर एक जण तासभर उभा राहणार.

जर्मन याच्याही पुढे जातात. तासाच्या मधल्या अर्ध्याला ते टेकू समजतात. २ वाजून २५ मिनिटांना ‘अर्ध्या तीनला पाच कमी’, ३५ मिनिटांना ‘अर्ध्या तीनवर पाच’. डच लोक तर वीस मिनिटांपासूनच हा हिशेब धरतात. २.२० म्हणजे ‘अर्ध्या तीनला दहा कमी’. रशियन २.१० ला ‘तिसऱ्याची दहा मिनिटं’ म्हणतो. तिसरा तास सुरू झाला आणि त्यातली दहा मिनिटं पदरात पडली.

आणि मग पाव तासाची पाळी. जर्मनीच्या पश्चिमेकडे, उत्तरेकडे ‘दोनवर पाव’ आणि ‘तीनला पाव कमी’ असं म्हणतात. पण मी होतो तो पूर्वेचा भाग. लाइपझिगमध्ये सव्वादोनला म्हणतात ‘फिअर्टल द्राय’, म्हणजे ‘पाव तीन’. पावणेतीनला ‘द्रायफिअर्टल द्राय’, ‘पाऊण तीन’. जर्मनीतल्याच दुसऱ्या भागातून आलेले लोकही इथे गोंधळतात, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. हंगेरीत आणि चेक प्रजासत्ताकातही तोच हिशेब आहे. आणि हजाराहून जास्त किलोमीटर दूर बार्सिलोनात कातालान बोलणारेही असंच मोजतात. तिथे सव्वादोन म्हणजे ‘तीनचा एक पाव’, अडीच म्हणजे ‘तीनचे दोन पाव’, पावणेतीन म्हणजे ‘तीनचे तीन पाव’. माद्रिदचा स्पॅनिश माणूस मात्र ‘तीन उणे पाव’ म्हणतो. एकाच देशात दोन घड्याळं.

बार्सिलोनात एका खाणावळीत वेटरने आम्हाला जेवणाची वेळ सांगितली : ‘त्रेस क्वार्त्स दूना’, एकचे तीन पाव. बायकोने बोटं मोजली आणि एकदम म्हणाली, “अरे, म्हणजे पाऊण वाजता!”

मी थांबलोच. पाऊण! आई रोज दुपारी म्हणायची, ‘पाऊण वाजला, पानं घ्या.’ पावणेएक असं ती कधीच म्हणाली नाही. नुसता पाऊण. एक तास अजून पुरा व्हायचा आहे आणि त्यातला पाऊण झाला आहे. लाइपझिगच्या ‘द्रायफिअर्टल आइन्स’मध्ये आणि आईच्या पाऊणमध्ये कणभर फरक नव्हता. जो हिशेब मी परका म्हणून वहीत उतरवत होतो, तो आमच्या स्वयंपाकघरात रोज होत होता.

अडीचच्या पोटात

त्या रात्री मी मराठीतली वेळ नीट तपासायला बसलो आणि जे सापडलं त्याने मीच चकित झालो.

‘सव्वा’ म्हणजे सपाद, पाव भागासह. ही बेरीज, स्पॅनिश पद्धतीची. ‘साडे’ म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. तीही बेरीजच. ‘पावणे’ म्हणजे पादोन, पाव उणे. ही वजाबाकी. फ्रेंच माणूस पावणेतीनला ‘तीन तास उणे पाव’ म्हणतो, तेच हे. आता उरला ‘अडीच’. आपण साडेदोन म्हणत नाही, साडेएकही म्हणत नाही. का?

कारण अडीच हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’पासून प्राकृतातून घासत घासत आला आहे. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. म्हणजे हाल्प द्राय! दीडही तसाच, ‘द्व्यर्ध’पासून आलेला, ज्यातला दुसरा अर्धा आहे तो. हिंदीतला ढाई, गुजरातीतला अढी हे अडीचचे सख्खे भाऊ. मध्य प्रदेशात रूपनाथला अशोकाचा शिलालेख आहे. त्यात आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, असं तो सांगतो आणि त्यासाठी ‘अढतिय’ हाच शब्द वापरतो. म्हणजे हा हिशेब आपल्याकडे सव्वादोन हजार वर्षांहून जुना आहे.

आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणायचे आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह ‘औट हात’ असतो असं आपल्याकडे म्हणतात, तो हा औट. त्याचं मूळ अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. औट आता बोलण्यातून गेला आणि तिथे साडेतीन आला. अडीच आणि दीड मात्र टिकले. डॅनिश भाषेत असंच एक जुनं खोड आहे. तिथे पन्नासला ‘हॅल्त्रेस’ म्हणतात. त्याचं पूर्ण रूप ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’, म्हणजे अडीच विसा पन्नास. आमच्या आजोबांना डेन्मार्कच्या बाजारात हिशेबाची अडचण आली नसती.

थोडक्यात, जे हिशेब युरोपातल्या भाषांनी आपसांत वाटून घेतले आहेत, ते मराठीने एका घड्याळात बसवले आहेत. सव्वादोन मागे बघून, पावणेतीन पुढे बघून वजा करत आणि अडीच पुढच्या तासाच्या पोटात शिरून.

व्याकरणातही असे नातलग भेटतात. आपण ‘एक वाजला’ म्हणतो, पण ‘दोन वाजले’. स्पॅनिशमध्येही ‘एस ला ऊना’ एकवचनी आणि ‘सोन लास दोस’ अनेकवचनी. ‘दीड वाजला’ एकवचन, तसं तिथेही दीडला एकवचनच. आणि पावणेदोन झाले की दोन्ही भाषा अनेकवचनात उडी मारतात. इंग्रजीला एएम-पीएमची शेपटी लावावी लागते. आपण ‘पहाटेचे चार’ म्हणतो. स्पॅनिश माणूसही ‘चार, माद्रुगादाचे’ म्हणतो आणि माद्रुगादा म्हणजे मध्यरात्रीनंतरचा पहाटेपर्यंतचा वेळ. इंग्रजीत त्याला एका शब्दात काही सापडत नाही.

घड्याळच वेगळं असेल तर

कधी कधी घड्याळच वेगळं असतं. शाकुंतलाची स्तुती करणारा जर्मन कवी गटे १७८६ साली इटलीत गेला, तेव्हा तिथे तास सूर्यास्तापासून मोजत असत. सूर्यास्त दर काही दिवसांनी सरकणार, म्हणून घड्याळही सरकणार. गटेने व्हेरोनाच्या मुक्कामात एक वर्तुळ काढून इटालियन आणि जर्मन तासांची तुलना मांडली. सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत हा टाइम झोन कन्व्हर्टरच. त्या पद्धतीचं एक घड्याळ फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये आत, मुख्य दारावर आहे. तबकडी पाओलो उचेल्लोने १४४३ मध्ये रंगवली. चोवीस तासांची, आणि काटा उलटा फिरतो. आपल्या घटका सूर्योदयापासून मोजायच्या, त्यांचे तास सूर्यास्तापासून. दिवस कुठे सुरू होतो हेही ठरवावंच लागतं.

पावणेदोनचे थेंब

२०२० साली आम्ही बडोद्याला परतलो. मुलगी इथेच वाढली. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी गुजराती, घरात मराठी. गेल्या पावसाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि दुपारची जबाबदारी लेकीने हौसेने मागून घेतली, कारण मी तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो.

आई तिला म्हणाली, “पावणेदोनला घालायचे हं बाळा.”

लेक आली ती सव्वादोनला, हात स्वच्छ धुऊन, बाटली हलवत. आई अर्धा तास डोळा मिटून, न जेवता तिची वाट बघत बसली होती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काही बिघडलं नाही. पण लेकीचा चेहरा पडला. मला म्हणाली, “बाबा, मी बरोबरच आले. पाव म्हणजे क्वार्टर ना? मग पावणेदोन म्हणजे दोन आणि क्वार्टर!”

मला लाइपझिगचा तो दरवाजा आठवला. हाल्प येत होतं, झेक्स येत होतं आणि तरी घर गेलं. हिलाही पाव येत होता, दोन येत होते. शब्द दोघांनाही माहीत होते. तास कुठून बघायचा, ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बाबतीत ते सांगणं अनोळखी बाईंचं काम नव्हतं. हिच्या बाबतीत मात्र ते माझं काम होतं आणि मी केलं नव्हतं. मी तिला नेहमी ‘वन फॉर्टीफाइव्ह’च सांगत आलो. मोबाइलवर तसंच दिसतं. त्यात पाव दिसत नाही आणि पाऊणही.

संध्याकाळी मी एक कागद घेतला, वर्तुळ काढलं आणि जर्मन सहकाऱ्याने दाखवलं होतं तसं पेन्सिलीने भरत गेलो. आई शेजारी बसली आणि तिने त्या वर्तुळाला भाकरी केलं. “एक भाकरी पुरी खाल्ली. दुसरीतला एक चतकोर राहिला. मग किती खाल्ल्या?” लेक म्हणाली, “पावणेदोन.” मग सव्वा, दीड, अडीच सगळं त्या भाकरीवर झालं. शेवटी आईने तिला औट शिकवला. तो कुठे वापरायचा हे मात्र आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही.

भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ दोन वर्षं बंद होतं. त्यात सेल घातला आणि ते स्वयंपाकघराच्या दारावर लावलं. तुमच्याही घरात असं एखादं बंद पडलेलं असेल तर चालू करून बघा. मुलांना रोज एकदा त्यावर बघून मराठीत वेळ सांगायला लावली तरी पुरतं.

आईचा डोळा आता बरा आहे. परवा मी मीटिंगमध्ये असताना दारावर टकटक झाली. लेकीने डोकं आत घातलं आणि म्हणाली, “बाबा, पाऊण वाजला. आजीने पानं घेतली आहेत.”